माणसाचा वावर

१

संग्रहालयाच्या कीटक विभागात तिला सगळे पाखरूबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. ज्यांच्या मागे अर्धं आयुष्य घालवलं ती पाखरं नखाएवढी, तेव्हा त्यांच्यापायी मिळणारं नावही तेवढंच असणार, असं ती स्वतःच हसून सांगे. मोठी, झगमगीत फुलपाखरं तळमजल्यावर काचेच्या पेट्यांत होती आणि शाळेची पोरं तिथेच नाकं चिकटवून उभी राहत. पाखरूबाईचा संसार वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. तिथे पंखा जोरात लावायची सोय नव्हती, कारण वाऱ्याने तिची पाखरं उडून जात. टाचणीला टोचलेली, मेलेली पाखरंसुद्धा.

तिच्या वाट्याला आलेली प्रजाती करड्या, बावळट दिसणाऱ्या पतंगांची होती. लोकरीच्या कपड्यांना कसर लागते ती ज्यांच्यामुळे, त्यांचीच ही चुलत भावंडं. एका प्रजातीत तीन जाती, आणि तिन्ही दिसायला जुळ्या बहिणींसारख्या. शास्त्रीय नावं उच्चारताना जीभ अडखळे, म्हणून विभागात त्यांना घरगुती नावं पडली होती. कपाटातली लोकर खाणारी ती घरकोंबडी. पक्ष्यांच्या घरट्यात राहून पिसं खाणारी ती भाडेकरीण. आणि तिसरी ओसाडी.

तिघींच्याही अळ्या स्वतःभोवती खोळ विणतात. जे खातात त्याच्याच तंतूंची खोळ, आणि ती अंगावर घेऊनच फिरतात. घरकोंबडीची खोळ गोल असते, ओसाडीची चपटी. काकडीच्या बीएवढी आणि दोन्ही टोकांना उघडी, म्हणजे अळी वाटेल त्या तोंडातून डोकं बाहेर काढणार. शिवाय ओसाडीच्या पंखाच्या कडेला एक फिकट ठिपका असतो. तो भिंगाशिवाय दिसत नाही.

कुठली जात कुठे सापडते याचा नकाशा पाखरूबाई आणि विभागप्रमुख, म्हणजे मोठे सर, मिळून करत होते. पहिल्या दोघी निमूट आपापल्या जागी बसल्या. ओसाडीचे ठिपके मात्र कुणीतरी नकाशावर शिंकल्यासारखे. डोंगर म्हणावं तर समुद्रकाठीही आहे, थंडी म्हणावी तर रखरखाटातही आहे. कशाचा कशाला मेळ नाही. दोघांनी पुष्कळ डोकेफोड केली. शेवटी सरांच्या लक्षात आलं, की ती कुठल्या मुलखात राहते हा प्रश्नच चुकीचा होता. ती खोल्यांत राहते. कुलूप लावून लोक निघून गेलेली घरं, बंद पडलेली शाळा, नाट्यगृहाचा कायमचा मिटलेला सज्जा. माणसाच्या अंगावरून झडलेला कोंडा, गळलेले केस, कपड्यांची लव हे तिचं अन्न. पण खुद्द माणूस तिला चालत नाही.

"माणसाचा वावर असेल तिथे आढळत नाही," असं सरांनी ओसाडीच्या वर्णनात लिहिलं, आणि खात्री करून घ्यायला ओसाड्या वाढवायच्या खोलीत ते स्वतःच वर्तमानपत्र घेऊन बसले. पेपर वाचून व्हायच्या आत भिंतीवरची पाखरं टपाटप खाली पडली होती. श्वासातल्या वाफेने होत असावं, सर म्हणाले. तेव्हापासून त्या खोलीत कुणी थांबत नसे. दाराला एक झडप केली होती. तिच्यातून लांब चिमट्याने खाणं आत सरकवायचं आणि तेवढा वेळ तोंडावर फडकं बांधायचं.

२

घरी पाखरूबाई आणि तिचा दादा, दोघंच. दादा शिंपी. कोट शिवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, निदान तो स्वतः तरी तसं सांगे. आईवडील लवकर गेले, आणि गिऱ्हाइकांच्या कोटांतून उरलेल्या तुकड्यांचे फ्रॉक शिवून दादाने बहिणीला वाढवलं, शिकवलं, या पाखरांच्या नोकरीला लावलं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की तो तोंडात टाचण्या धरून बसे, म्हणजे उत्तर द्यायला नको. पुढची खोली हे त्याचं दुकान आणि तीच त्याची झोपायची जागा. मधल्या खोलीत पाखरूबाई. मागे स्वयंपाकघर.

मध्यंतरी छातीत पाणी होऊन दादा दवाखान्यात पडला, तेव्हा पाखरूबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दादा नसलेलं घर तिला डोळ्यांपुढे आणताच येईना. पण तो परत आला, आणि आल्या दिवसापासून मशीनवर बसला. आता संध्याकाळी जिन्यात पाऊल टाकलं की मशीनची घरघर ऐकू येई आणि तिचा जीव भांड्यात पडे.

"आलीस का पाखरं हाकून?" त्या संध्याकाळीही त्याने मान वर न करता विचारलं.

"आले. तू उठला होतास का जरा? की सकाळपासून तसाच?"

"उठून जाऊ कुठे?"

तिने चहा आणून मशीनच्या कडेला ठेवला. गडद निळा कोट शिवणं चालू होतं. त्याच्या बाहीवर एक करडं पाखरू बसलं होतं, दादाच्या बोटांपासून अगदी वीतभर अंतरावर, निवांत.

"दादा, कापडाला कसर लागलीय."

"लागू दे. गिऱ्हाईक मला बोलेल, तुला नाही."

तिने बटणांची एक रिकामी डबी उचलली आणि सवयीने पाखरू डबीत घेतलं. ते डबीच्या बुडाशी दोनदा फडफडलं आणि गप्प झालं. घरकोंबडीच असणार; शिंप्याच्या घरात दुसरं काय येणार? तरी हाताची सवय कुठे जाते. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन तिने पर्समधलं भिंग काढलं.

पंखाच्या कडेला फिकट ठिपका होता.

तिने भिंग पदराने पुसलं आणि पुन्हा पाहिलं. बाहेर मशीन चालू होतं. मग तिने डबी बंद केली आणि भाजी चिरायला घेतली, कारण भाजी चिरायची राहिली होती.

३

"ओसाडी," सर म्हणाले. डबी अजून त्यांच्या हातातच होती. "उत्तम नमुना. कुठल्या बंद घरात शिरली होतीस?"

"माझ्याच."

"तुमच्याकडे कुठली खोली बंद असते?"

"बंद कुठली असणार, सर? सगळं घर मिळून अडीच खोल्या. दादाच्या मशीनवर सापडली. तो दिवसभर तिथे बसतो, झोपतोही तिथेच."

सर हसले. "मग तुझा दादा श्वास घ्यायचं विसरला असेल."

पाखरूबाईही हसली. सरांचे विनोद असेच असत आणि त्यांना हसायची विभागात पद्धत होती. पण तिचं हसू जरा आधीच संपलं. सरांच्या ते लक्षात आलं असावं.

"अगं, चुकून आलं असेल," ते म्हणाले. "शेजारचं एखादं घर बंद असेल, तिथून उडालं असेल. एक पाखरू दिसलं म्हणजे वस्ती झाली का? वस्ती म्हणजे अंडी, अळ्या, खोळी. तसं काही दिसलं तर मात्र मला सांग. मग आपल्याला सगळं वर्णनच बदलावं लागेल."

हे पाखरूबाईला एकदम पटलं. नुसतं पटलंच नाही, तर बरंही वाटलं. ओसाडी माणसात राहायला शिकली असेल, तर तो शोध होता. आणि शोध कुठे ना कुठे, कुणाच्या तरी घरी लागतोच. तसं असेल तर घाबरायचं काही कारण नव्हतं. आपण घाबरलोय हे तिला तेव्हाच कळलं.

४

सुट्टीच्या दिवशी दादा अंघोळीला गेला तेव्हा ती पुढच्या खोलीत शिरली. न्हाणीघरात बादलीत पाणी पडत होतं. खिडकीतून सकाळचं ऊन मशीनवर आलं होतं, कात्री, टेप, खडू सगळं जागच्या जागी. तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. कपाटामागे काही नव्हतं. मग तिने दादाची खुर्ची पुढे ओढली.

खुर्चीमागच्या भिंतीवर खोळी होत्या. चपट्या, काकडीच्या बीसारख्या, एकीला लागून एक. खाली विरळ होत्या, वर दाट, आणि सगळ्यात दाट तिथे, जिथे बसल्यावर दादाचं डोकं येतं. काही निळ्या, त्या कोटाच्या लवेच्या. बऱ्याचशा करड्या. तिने एक सोलून भिंगाखाली धरली. ते दादाचे केस होते.

अगदी बारक्या होत्या, मध्यम होत्या, पूर्ण वाढलेल्या होत्या. म्हणजे अंडीही घातली जात होती. ही वस्ती होती, आणि चांगली रुळलेली. पाखरूबाई मनातल्या मनात मागे मागे हिशेब करत गेली आणि तो नेमका दादा दवाखान्यातून आला त्या सुमाराला जाऊन टेकला.

असू दे, ती स्वतःला म्हणाली. हा शोधच आहे. सवय बदलली यांनी.

तेवढ्यात तिच्या खांद्यावर काहीतरी पडलं. मग हातावर. वर पाहिलं तर छताच्या कडेची पाखरं सुटून येत होती, एकेक, वाळक्या पानाच्या चुऱ्यासारखी. ज्या खोळींवर ती वाकली होती त्यांतल्या अळ्या तोंड बाहेर काढून लोंबकळत होत्या. ती श्वास रोखून मागे सरली. पडणं थांबलं.

पाखरांची सवय बदललेली नव्हती.

ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि तिला नको असताना तो दिवस आठवला. दवाखान्यातून निरोप आला होता, लगेच या. ती धावतपळत पोचली तर दादा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेला, अंगात स्वतः शिवलेला कोट, मांडीवर पिशवी. "चल," तो म्हणाला, "नाहीतर पुन्हा आत घालतील." ती आनंदाने रडायचीच बाकी होती. दोघं निघाले तेव्हा मागून एक नर्स हाका मारत आली होती, "अहो बाई, थांबा जरा, तुमच्याशी बोलायचंय." तिच्या आवाजात काहीतरी होतं, कळवळल्यासारखं. पाखरूबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दादा बरोबर चालत होता, मग आणखी काय ऐकायचं राहिलं होतं?

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. "चिमे," दादाने हाक मारली, "माझा टॉवेल बाहेरच राहिला बघ."

तिने टॉवेल दिला. दाराच्या फटीतून आलेला हात दादाचाच होता, अंगठ्यावर सुईच्या टोचण्यांनी पडलेलं घट्ट कातडं होतं ते धरून.

५

मग ती त्याच्याकडे बघायला लागली. नमुन्याकडे बघतात तसं. याची तिला लाज वाटत होती, पण नजर हटत नव्हती.

दादा कापडावर खडूने रेघ मारी आणि फुंकर मारून भुकटी उडवी. फू, फू, फू. लहानपणी हाच आवाज ऐकत ती झोपे. आता तो भुकटी हाताने झटकत होता. सुईत दोरा ओवताना तो दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं करी. आता मशीनवर पाण्याची वाटी आली होती, टोक तिच्यात बुडवत होता. चहा गरम पाहिजे म्हणून घर डोक्यावर घेणारा दादा आता चहा गार होईपर्यंत ठेवून देई. त्यावर साय धरे. ती नंतर पेला उचलायला गेली की पेला रिकामा असे, पण तो पिताना तिने पाहिलं नव्हतं. मोरीत चहाचा वास येई.

तिचं डोकं शाबूत होतं, आणि डोक्याने प्रत्येक गोष्टीला उत्तर दिलं. छातीचा आजार झालेला माणूस फुंकर कशाला मारेल? डॉक्टरांनीच सांगितलं असेल. ओठांना दोरा लावू नको म्हणून तीच तर वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागली होती. आणि मुख्य म्हणजे, तो बोलत होता. बोलायला छातीत हवा लागते. जो बोलतो तो श्वास घेतो, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. मग तिच्या लक्षात आलं, की दादा हल्ली कधी दम घ्यायला थांबत नाही. कितीही लांब वाक्य असो, ते एका सुरात सुरू होऊन एका सुरात संपतं.

"काय बघतेस एवढं?" त्याने विचारलं. ती दारातच उभी होती.

"काही नाही. बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? तू आत ये की. दारात का उभी?"

ती आत आली आणि पलंगाच्या कडेवर टेकली. दादा काज करत होता. थोड्याच वेळात भिंतीवरून एक पाखरू सुटलं, मशीनच्या चाकावर आपटलं, खाली गेलं. मग दुसरं. दादाने हातातलं काम थांबवलं आणि त्या पडलेल्या पाखराला बोटाच्या टोकाने हळूच उलटं करून पाहिलं.

"तू आलीस की पडतात बघ," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार होती, शेजारच्या मुलांबद्दल करावी तेवढी. "माझा त्यांना काही त्रास नाही. मी असलो की छान असतात. सोबत होते मला."

"दादा, ती कसर आहे. कोट खातील सगळे. औषध मारू या का?"

"नको," दादा म्हणाला. मग त्याने मशीनचं चाक हाताने घट्ट धरलं. "नको गं चिमे. औषध नको मारूस."

त्याला भीती वाटली होती. दादाला कशाची भीती वाटलेली तिने आयुष्यात पाहिली नव्हती.

६

सर आले ते कोटाच्या मापाच्या निमित्ताने. पाखरूबाईनेच बोलावलं. तिला कुणीतरी शहाण्या माणसाने येऊन "काही नाही गं, वेडी आहेस" असं म्हणायला हवं होतं. सरांनी वस्तीबद्दल ऐकल्यावर आधी तिलाच वेड्यात काढलं, मग भिंग खिशात टाकून निघाले.

दुपारची वेळ होती. दादाने अगत्याने स्वागत केलं, सरांना खोलीच्या मध्ये उभं केलं आणि टेप गळ्यातून काढली. खांदा, बाही, पाठ. सर बोलत होते, प्रश्न विचारत होते, दादा उत्तरं देत होता. सरांची नजर मात्र भिंतीवर होती. बोलता बोलता त्यांचं वाक्य मध्येच तुटलं.

"छाती घेतो," दादा म्हणाला. "श्वास घ्या. सोडा."

सरांनी घेतला, सोडला. वरून पाखरं पडायला लागली. सरांच्या खांद्यावर, बुटांपाशी. दादाच्या केसांत बसलेलं एक पाखरू तेवढं जागेवरून हललं नाही. सरांनी ते पाहिलं. पाखरूबाईने सरांना ते पाहताना पाहिलं.

"पुन्हा घ्या," दादा म्हणाला.

माप केव्हाच झालं होतं. तरी दादा सरांच्या छातीभोवती टेप धरून वाकून उभा होता, बोटं टेपेवर, टेप वर येई, खाली जाई. दादाचं डोकं जरा तिरकं झालं होतं, पलीकडच्या खोलीत कुणी गात असावं आणि ते ऐकावं तसं.

"किती छान चालतंय," तो म्हणाला.

सर घाईने बाहेर पडले, पाखरूबाई त्यांच्या मागोमाग. जिन्यात त्यांनी कठड्याला धरलं. चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"सर, सांगा ना. ही ओसाडी नाही ना?"

"तू आमच्याकडे राहायला चल," ते म्हणाले. "आत्ताच. सामान नंतर नेऊ. मी घरी कळवतो."

"माझा भाऊ आहे तो, सर."

"नाही कुठे म्हणतो मी?" सर म्हणाले. मग त्यांनी हात हलवला. "माझं कोटाचं राहू दे म्हणावं. घाई नाही."

ते खाली गेले तेव्हा शेवटच्या पायऱ्या त्यांनी जवळजवळ धावतच उतरल्या. पाखरूबाई जिन्यातच उभी राहिली. खाली रस्ता होता, माणसं होती, एक बाई मुलावर खेकसत होती. वर मशीन सुरू झालं होतं. पळून जावं असं तिला फार वाटलं. पण खाली गेली असती, तर वर दादा एकटा उरला असता. तो परत यावा म्हणून तिने काय काय नवस बोलले होते, कुणाकुणाला हात जोडले होते. कसाही येऊ दे, असंही ती म्हणाली होती.

ती वर गेली.

७

दादा कापडावर खडूची रेघ मारत होता. नवं कापड, काळं. रेघ स्वच्छ, एका हाताची. पाखरूबाई त्याच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली. 

"दादा, एकदा फुंकर मार ना."

"कशाला?"

"अशीच. खूप दिवसांत ऐकली नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लहानपणी हट्ट पुरवताना हसे तसा हसला. मग कापडावर वाकला. ओठांचा चंबू केला, जुन्या सवयीने गालही फुगवले.

खडूची भुकटी हलली नाही. एक कणही हलला नाही. दादा तसाच वाकून राहिला, ओठ गोल करून, आणि त्या ओठांमधल्या अंधारात काहीतरी करडं सरकत कडेपर्यंत आलं. त्या करड्या जिवाने बाहेर पाहिलं. पाखरूबाईचा श्वास सुटला, आणि ते झटकन आत गेलं.

  दादाने ओठ मिटले आणि मान हलवली.

"नाही जमत गं," तो म्हणाला. "तू जवळ असलीस की आत पडतात."

"आत?"

"आत." त्याने कोटाच्या पुढच्या बटणांवर हात ठेवला. मग खडूच्या रेघेकडे पाहिलं. "चिमे, मी घरी आलो ना गं? दवाखान्यातून?"

 त्याचा चेहरा तिला दिसत होता, आणि तो विचारत होता ते खरंच विचारत होता. त्याला ठाऊक नव्हतं.

"आलास की दादा," ती म्हणाली. "मीच नाही का घेऊन आले तुला?"

"मग तू हल्ली लांब लांब का असतेस? दारातून बोलतेस. मला वाटतं माझं काही चुकलं."

"तुझं काय चुकणार?"

"मग बस ना जवळ. त्यांचं राहू दे. पडली तर पडली."

आपल्या बसण्याने काय होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्यावरच तर तिची नोकरी चालत होती. आणि न बसण्याने काय होईल तेही कळत होतं. तो इथे असाच बसून राहील, अगदी तिच्यानंतरही, मशीन चालवत, भिंतीवर दाटी वाढत जाईल. पाखरूबाईने स्टूल ओढलं आणि त्याला चिकटून बसली. पहिल्यांदा तिने श्वास रोखून धरला. तो किती वेळ धरणार? सुटलाच.

भिंतीवरून पाखरं पडायला लागली. खिडकीच्या उन्हात त्यांचा चुरा तरंगत खाली येत होता. दादाने पायडलवर पाय ठेवले आणि मशीन सुरू केलं.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला. "शाळेतलं सांग. मला आवडायचं ऐकायला."

तिने सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्याने शिवलेल्या फ्रॉकला दोन खिसे होते आणि बाकीच्या मुलींना एकही नव्हता, तर त्या कशा जळल्या. बोलायला श्वास लागत होता, आणि प्रत्येक वाक्याबरोबर तो त्याच्या गालावर जात होता. दादाचं डोकं हळूहळू तिच्या खांद्यावर आलं. त्याचं ओझं असं लागलंच नाही. मशीनच्या घरघरीखालून दुसरा एक आवाज येत होता, पोत्यात भुसा ओतत राहावं तसा, बारीक, न थांबणारा, आणि तो कोटाच्या आतून येत होता. ती मोठ्याने बोलायला लागली, म्हणजे तो ऐकू येणार नाही. शाळेतल्या बाईंनी विचारलं, कुणी शिवला, तर ती म्हणाली होती, माझ्या दादाने शिवलाय. तिचा आवाज चिरकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिने पुसलं नाही आणि मान वळवली नाही.

मशीनचा वेग कमी झाला. टाका, मग टाका, मग नुसतं चाक थोडं फिरलं. भुशाचा आवाजही थांबला. खोलीत एकही पाखरू उडत नव्हतं. तिच्या खांद्यावर आता काही आहे की नाही, हे तिला न बघता सांगता येईना, आणि बघणं तिच्याने होईना.

ती गप्प झाली. सगळं संपलं, ती मनात म्हणाली, दादा सुटला. तिने डोळे मिटून घेतले.

"मग?" दादाने तिच्या कानाशी विचारलं. कानाला वारा लागला नाही.